टीव्हीच्या पोटात हात

यांच्या छातीत पेसमेकर बसला आणि डॉक्टरांनी जुन्या टीव्हीला हात लावायची बंदी केली. अकोल्यात जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाला ही शिक्षाच. आता आम्ही अमरावतीत राहतो. परवा भाजी घेऊन आले, तर हे आमच्या जुन्या डबड्याचं मागचं झाकण काढून आत वाकलेले.

"काय करून राहिले तुमी?"

"चटचट आवाज येते. हाय व्होल्टेज गळून राहिलं. जराशाचं काम हाये."

मी यांना मागे ओढलं. पण पुन्हा बाजारात गेले की हे पुन्हा वाकणार, हे नक्की. म्हटलं, "तिकडं दारात खुर्चीवर बसा. तोंड तुमचं, हात माहे."

"मंगळसूत्र काढ मंग."

हे वाक्य मी लग्नाच्या पहिल्या वर्षीही ऐकलं होतं. तेव्हाची मी म्हणजे शहाणपणाची गोणी. नवरा जिवंत असताना कशी काढू, म्हणत तशीच उघड्या टीव्हीत वाकले. वाट्या आत लोंबल्या, ठिणगी उडाली आणि मी भिंतीशी जाऊन बसले. वर सासूबाईंना सांगितलं, मंगळसूत्रानं वाचवलं हो. मारलं त्यानंच होतं.

तरी परवा काढताना बोटं अडखळली. समोर छातीत यंत्र बसवलेला नवरा. शेवटी ते त्यांच्याच गळ्यात घातलं.

"लोक काय म्हणतीन?"

"शोभून दिसते. बसा."

प्लग काढला, तरी पिक्चर ट्यूबमध्ये वीज साठून असते. झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे ठेवला. स्क्रू ड्रायव्हरला बांधलेली तार ट्यूबच्या अर्थिंगला अडकवली आणि पातं ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. टक्. टोपी धरायला गेले, तर हे अर्धे उठले.

"थांब वं. थोडी वीज राखून ठेवते ते. जराशानं पुन्हा लाव."

"तुमी बसता का मी हात घालू?"

बसले. माझं लक्ष ट्यूबवर कमी, त्यांच्या छातीवर जास्त. पुन्हा पातं लावलं. बारीक टक्. खरंच राखून ठेवली होती. मग टोपी काढून खालची काळी धूळ स्पिरिटनं पुसली, वाळू दिली आणि टोपी बसवली.

प्लग लावला. चटचट थांबली, चित्र आलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराकडे बघत होते. आता उठतील, आता येतील. हे खुर्चीचे हात घट्ट धरून बसूनच राहिले.

"चित्र वरून कापलं जाते जरासं," म्हणाले. "उद्या उघडजो. मी सांगतो इथूनच."