कीबोर्ड पुसणारे हात

"हात मागं घे. मागं घे हात!"

सर साऱ्या क्लाससमोर ओरडले. नागपूरचे पाहुणे खुर्चीत बसून पाहून राह्यले होते. मी फडकं धरून उभी.

सिंदी मेघेच्या कम्प्युटर क्लासात झाडणं-पुसणं माह्याकडं. ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसताना त्याच्या डाव्या बाजूचं एक बटन दबून जाये. मंग बारका हिरवा दिवा लागे, अन् इंग्रजी अक्षरं मोठे उमटत. मले हे माईत नव्हतं.

सरनं पाहुण्याइले प्रोग्राम दाखवला. चालला नाई. काल वर लिवलेलं नाव लहान अक्षरात, आज खाली लिवलेलं तेच नाव मोठ्या. मशीन म्हणे, हे दोन नावं आहेत.

"ही अडाणी बाई. हिचा हात लागला का वाटोळं. जोड हात पाहुण्याइले."

मी जोडले. पोट्टे हासले. मले काई वाटलं नाई. माही माय पाटलाच्या दारात भांडं खाली ठेवून मागं सरके. तशीच सरकली.

तवापासून माह्याकडं फक्त फरशी. कीबोर्डले हात नाई लावाचा. तरी प्रोग्राम अडला का सर म्हणत, "बाई, हात जोड." मी जोडो. पोट्टे वाटच पाहत.

तळेगावची एक पोरगी शिकाले ये. म्हणे, "आजी, काऊन जोडता? तुमी तं हातही नाई लावत. सर सोताच चुकते."

तिनं कागदावर एकच नाव दोनदा लिवलं. लहान अक्षरात, मोठ्या अक्षरात.

"याच्यातलं भारी कोणचं?" मी इचारलं.

"कोणतंच नाई, आजी. मशीन दोघाले आपापली जागा देते. मोठ्याले मान नाई, लहान्याले हाकलणं नाई." मंग तिनं ते डाव्या बाजूचं बटन अन् हिरवा दिवाही दाखवला.

मी चौथी शिकली. इंग्रजी येत नाई. पण दोन आकार सारखे नाईत, हे डोळ्याले दिसते.

सोमवारी पुन्हा अडलं. "ये बाई. जोड हात."

फडकं बादलीत टाकलं. पडद्यापाशी गेली. बोट ठेवलं.

"हे वरचं पाहा. हे खालचं पाहा. सारखं नाई. हे तुमी लिवलं, सर."

कोणी हासलं नाई.

"लय शिकली का? उद्यापासून येऊ नको."

"येईन. कीबोर्डही पुसीन. माहं चुकलं तं सांगीन. तुमच्या चुकीपायी हात जोडणार नाई."

क्लासची चाबी माह्यापाशीच होती. सकाळी दार उघडलं. पहिले सरचाच कीबोर्ड पुसला. हिरवा दिवा लागला. तेच बटन बोटानं दाबून बंद केला.

हे हात पुसतीन. जुडणार नाईत.