तिसऱ्या आग्रहाचा माणूस

जनादादाच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत होतो. "काका, आपले दादा गेले. चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि…" नया नगरच्या अलीकडे माझं घर, तिथून भाईंदरजवळचं त्याचं राई गाव रिक्षाने किती लांब? पण त्या सकाळी पायात चपला सरकवायलाच मला वेळ लागला. पायरीवर बसून राहिलो आणि मनात एकच गोष्ट यायला लागली, उकडलेल्या बटाट्यांची. माणूस गेल्यावर बटाटे काय आठवायचे, असं वाटेल कुणालाही. पण जनादादाने मला जे दिलं त्याची सुरुवात बटाट्यांपासूनच होते, म्हणून ते सांगायला बसलोय.

मी मूळचा गुहागरकडचा. सातवीत शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीने भाईंदरला पत्र्याची भांडी काढणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. जनार्दन पाटील तिथे फिटर. राईच्या मिठागरवाल्यांचं घर, पण भाऊ फार आणि मिठागर तेवढंच, म्हणून हा कारखान्यात आलेला. आवाज असा, की पत्रा दाबून भांडं काढणारी प्रेस चालू असतानाही त्याची हाक वेगळी ऐकू यायची. मला तो कधी नावाने बोलवायचा नाही. "ए रत्नांग्री!" हेच माझं नाव. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मालकाने जर्मनीहून नवी प्रेस मागवली आणि ती चालवायला शिकून यायला इंजिनिअर शहासाहेबांबरोबर दोन माणसं पाठवायची ठरली. एक जनादादा. दुसरं कोण, असं विचारल्यावर त्यानेच माझ्याकडे बोट केलं. मला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला. ज्याला ठाणं लांब वाटायचं, त्याला विमानात बसवत होते!

नदीकाठचं छोटं गाव होतं ते. फ्राऊ केलर नावाच्या एका विधवा बाईंच्या घरी आमची राहण्या-जेवण्याची सोय. बाई उंच, शिस्तीच्या, ॲप्रनला सुरकुती नाही. पहिल्या संध्याकाळी त्यांनी वाफाळत्या बटाट्यांचं भांडं माझ्यासमोर धरलं, वर लोणी वितळत होतं. पोटात कावळे ओरडत होते. मी म्हटलं, "नाइन, डांके." म्हणजे नको, आभारी आहे. विमानात पाठ केलेले तेवढेच दोन शब्द. बाईंनी मान हलवली आणि भांडं उचलून सरळ आत नेलं! मी बघतच राहिलो. पाहुण्याने "नको" म्हणायचं, घरच्यांनी "असं कसं, घ्या हो" म्हणायचं, पुन्हा "नको", आणि तिसऱ्या आग्रहाला लाजत पान पुढे करायचं, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. परक्याच्या घरी पहिल्याच हाकेला हो म्हणणारा हावरा, असं आई सांगायची. इथे दुसरी हाकच नव्हती. दुसऱ्या दिवशी मसुराचं सूप आलं, आपल्या आमटीची लांबची बहीण वाटावी असं. मी "नाइन" म्हटलं, सूप गेलं. आंबवलेली कोबी गेली. मनुका घातलेला केक गेला. माझ्या वाट्याला सुरुवातीला पुढ्यात ठेवलेला काळ्या पावाचा तुकडा यायचा. मला वाटायला लागलं, बाईंना आपण आवडत नाही.

जनादादाला असली अडचण नव्हती. तो पहिल्या हाकेलाच ताट पुढे करायचा. मांस आलं की फक्त एक चौकशी. डोक्याला दोन बोटांची शिंगं लावून विचारायचा, "मूऽऽ?" पहिल्यांदा बाई दचकल्या. मग ओठ आवळून, अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांनी डुकराचा आवाज काढला. "मग चालतंय," म्हणून दादा सुरू. सोबत घरच्या मिठागरातलं खडेमीठ तंबाखूच्या डबीत आणलं होतं, ते तो बटाट्यांवर भुरभुरायचा. एकदा त्याने चिमूटभर बाईंच्या ताटातही टाकलं. त्यांनी चाखलं, थांबल्या आणि डबी हातात घेऊन वास घेतला. तेव्हापासून डबी टेबलाच्या मधोमध राहायला लागली.

मी मात्र वाळत चाललो. एके दिवशी मशीनसमोर उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, खांबाला धरून खाली बसलो. हॉटेलात वेगळे उतरलेले शहासाहेब तिथेच होते, ते धावत आले. "अरे भाई, तू खाता क्यूं नहीं? वो बाई बोलती है, इसको मेरा खाना पसंद नहीं. बिचारी रोती थी. फोरमन बोलता है, ऐसा आदमी मशीन पे नहीं चलेगा, अगले हफ्ते वापस भेजो." वापस! गावात सगळ्यांना कळलेलं, आईने देवाला नारळ दिलेला. परत गेलो तर जन्मभर झाडू मारणारा हेल्परच राहणार होतो, आणि माझ्याकडे बोट करणाऱ्या दादाचीही मान खाली जाणार होती.

कामावरून परतताना नदीच्या पुलावर दादाने मला थांबवलं. "रत्नांग्री, खरं सांग. आवडत न्हाय तुला तिच्या हातचं?"

"आवडेल की. खाल्लंय कुठे मी?"

"मग न्हाय कशाला म्हणतंस?"

"एकदा तरी नको म्हणायला हवं ना, दादा? त्या परत विचारतच नाहीत."

तो असा हसला, की पाण्यातली बदकं उडाली. डोळे पुसत म्हणाला, "तुझी आय बघायला आली हाय का इथं? हो म्हण की पहिल्यांदाच!" मी तिथेच पुलावर सराव केला. "या, डांके", म्हणजे हो, आभारी आहे, असं म्हणायला गेलो. पण दर वेळी आईने तोंडावर हात ठेवल्यासारखं "नाइन"च बाहेर पडायचं. दादाने दोन-तीनदा ऐकलं आणि हात झटकले. "ऱ्हाऊ दे. तुझ्याच्यानं न्हाय व्हायचं. बाईला शिकवू."

मला आयुष्यात 'सुधार', 'बदल', 'धीट हो' सांगणारे खूप भेटले. माझ्यासाठी जर्मनी बदलायला निघालेला हा एकटाच.

त्या संध्याकाळी मोठ्या पिठाच्या उंड्यांचं जेवण होतं, क्न्योडेल म्हणतात त्यांना. दिसायला सारण नसलेले, पाकळ्या विसरलेले मोदक. दादाने बाईंना हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं, त्यांच्या हातातला लाकडी डाव घेतला आणि एकटाच नाटक करायला लागला. डाव घेऊन यजमान व्हायचा, डाव ठेवून पाहुणा. एक बोट, "नाइन." दोन बोटं, "नाइन." मग तीन बोटं, आणि पोटावरून हात फिरवत एवढ्या मोठ्याने "याऽऽ!", की शेजारचा कुत्रा भुंकला. मग माझ्याकडे दाखवून मराठीतच म्हणाला, "ह्याची आय. ह्याच्या आयनं शिकवलंय." बाईंना काय समजलं देव जाणे. त्यांनी कपाळाला हात लावला, माझ्याकडे बघितलं आणि डाव परत घेतला.

"क्न्योडेल?"

"नाइन, डांके."

भांडं हललं नाही. "क्न्योडेल?"

"नाइन…"

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. दोन मोठे उंडे माझ्या ताटात घातले, वर रस्सा ओतला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी खाल्ले. आणखी दोन खाल्ले. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते आमच्या गुहागरच्या घरी चुलीपुढे बघितलंय मी.

मग आम्हाला कोण अडवणार! मसुराच्या सुपात त्या व्हिनेगर घालतात, ते ओरपलं. किसलेल्या बटाट्याचे तव्यावरचे घावन सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर खाल्ले. एका रविवारी आगगाडीने त्यांच्या बहिणीकडे समुद्रकाठी गेलो. तिथे मिठात मुरवलेला कच्चा मासा शेपटीला धरून, मान वर करून खायचा असतो. दादाने एका घासात संपवला आणि जाहीर केलं, "मीठ आमच्या राईचं पायजे होतं!" बहिणीने मला विचारलं. मी सवयीने "नाइन" म्हटलं, ती ताटली घेऊन वळली, आणि टेबलाच्या त्या टोकावरून फ्राऊ केलर वकिलासारख्या उठून गरजल्या, "नाइन, नाइन! द्राय!" तीनदा विचार, तीनदा! सगळं घर हसलं. मी तीन मासे खाल्ले.

शिक्षण पुरं करून आम्ही दोघेही परतलो. भाईंदरला ती प्रेस आम्ही दोघांनी उभी केली. पहिलं पातेलं सुरकुतीशिवाय बाहेर पडलं तेव्हा शहासाहेबांनी पेढे वाटले आणि दादाने ते पातेलं डोक्यावर धरून अख्ख्या शेडला फेरी मारली. मी ऑपरेटर झालो, त्याच मशीनवरून निवृत्त झालो. माझी मुलं शिकली ती त्याच मशीनच्या कमाईवर. निघताना फ्राऊ केलरनी दादाला तो लाकडी डाव दिला होता. राईच्या घरात तो चुलीशेजारच्या खिळ्याला असायचा. गॅस आला, घर पाडून इमारत झाली, तरी खिळा नव्याने ठोकला गेला, आणि डावाची गोष्ट घरातल्या पोराबाळांना पाठ झाली.

तेराव्याला गेलो होतो. पंगतीत बसलो, पण पानातला भात नुसता चिवडत राहिलो. दादाची नात खीर वाढत आली. मी हात पानावर आडवा धरला. "नको, बाळा."

ती पुढे गेली नाही. "घ्या ना, आजोबा."

"नको गं… खरंच नको."

तिने भांडं कमरेवर नीट सावरलं. हातात तोच डाव होता, कडा झिजून पातळ झालेला. "दोनदा झालं," ती म्हणाली.

मी हात काढून घेतला.