दामूभाऊंची चुकलेली मोजणी

श्री. दामोदर तामोरे यांची आणि माझी पहिली भेट आसावा गडाच्या वाटेवर झाली आणि त्या भेटीत त्यांनी मला घरी पाठवलं. तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. उदगीरकडून येऊन बोईसरच्या एका औषध कारखान्यात लागून मला दोन वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या खोलीत पंख्याकडे बघत पडण्यापेक्षा गड चढावा म्हणून एकटाच निघालो होतो. अर्ध्या वाटेत धापा टाकत बसलो असताना पांढऱ्या मिशांचे, काटक अंगाचे एक गृहस्थ वरून उतरत आले. त्यांची नजर आधी माझ्या पिशवीवर गेली.

“पानी किती हाय?”

“अर्धी बाटली.”

“मग हितूनच फिरा. गड कुठं पळून जात नाय.”

मला राग आला, पण मी फिरलो. पायथ्याशी त्यांनी मला चहा पाजला, गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि पुढच्या रविवारी दोन भरलेल्या बाटल्या घेऊन यायला सांगितलं. मी गेलो. त्यानंतर माझे रविवार भाऊंचे झाले ते आजतागायत.

भाऊंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला ‘भाऊंचे गिरिभ्रमणातील कार्य’ हा विषय दिला आहे. तो मी लिहितोच. पण आपल्या गिरिभ्रमण मंडळात, चिंचणीपासून पालघरपर्यंत, भाऊंविषयी एक वाक्य वर्षानुवर्षं फिरत आलं आहे: ‘भाऊंसारखा म्होरक्या नाही, पण त्या खिंडीत त्यांची मोजणी चुकली.’ हे वाक्य प्रेमाने बोललं जातं, हे मला कळतं. पण ते खोटं आहे. ते खोटं असल्याचं मला अकरा वर्षं ठाऊक आहे आणि आज ते छापून यावं यासाठीच मी लेखणी हातात घेतली आहे.

भाऊ चिंचणीच्या मच्छीमार घरातले. वडील स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख. भाऊ मात्र शिकले, वीज केंद्रात देखभाल विभागात फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. समुद्रकाठचा माणूस डोंगराकडे कसा वळला, असं त्यांना कोणी विचारलं की ते म्हणतात, “दर्यावर उभं राहिलं की मागं डोंगरच दिसतो. एक दिस जाऊन बघितला.” यापलीकडे त्यांनी आपल्या या छंदाचं कौतुक स्वतःहून कधी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यांनी मंडळ सुरू केलं ते वीज केंद्राच्या वसाहतीतल्या चार सहकाऱ्यांना घेऊन. पुढे त्यात कारखान्यांतले आमच्यासारखे कामगार आले, शिक्षक आले, मच्छीमार बायकाही आल्या. दरवर्षी जून महिन्यात हिमालयातली एक मोठी मोहीम आणि त्यासाठी आधीचे चार महिने तयारी, हा त्यांचा शिरस्ता. तयारी म्हणजे पाठीवरच्या पिशवीत ओली वाळू भरून चिंचणीचा किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. सुक्या वाळूत पाय रुततात म्हणून कोणी पाण्याच्या कडेने, घट्ट वाळूवरून चालू लागला की भाऊ हाक मारत, “वरती या. बरफ तुमाला घट्ट मिळनार नाय.” ही वाळू वाहून ज्याचे खांदे सोलले नाहीत, त्याला भाऊंनी कधी आगगाडीत बसू दिलं नाही. जमनाबाई मासे विकून दुपारी थेट किनाऱ्यावर यायच्या, टोपली खाली ठेवायच्या आणि पिशवी पाठीला लावायच्या. आम्हा तरुणांना मागे टाकत जाताना त्या म्हणायच्या, “चला रं, म्हाताऱ्यांनो.” हिमाचलच्या मोहिमेत त्यांनी सुके बोंबील भाजले तेव्हा त्या वासापायी आमच्या पहाडी आचाऱ्याने स्वतःचा तंबू सोडून बाहेर बैठक मारली होती. भाऊंनी त्याची समजूत काढली आणि दुसऱ्या दिवशी बोंबलांची चूल वाऱ्याच्या उलट्या अंगाला हलवली. आचाऱ्याचाही मान राहिला आणि बोंबलांचाही.

आता मोजणीविषयी. भाऊंच्या वडिलांच्या होडीवर एक रीत होती. होडी किनाऱ्याला लागली की तांडेल एकेकाचं नाव पुकारी आणि ज्याचं नाव असेल त्यानेच ओ द्यायचा. शेजारच्याने ‘हाय, हाय, हितंच हाय’ म्हटलेलं चालत नसे. माणूस समोर दिसत असला तरी तांडेल त्याच्या तोंडून ओ ऐकल्याशिवाय पुढचं नाव घेत नसे. भाऊंनी हीच रीत डोंगरात नेली. फक्त डोंगरात माणसं तासातासाच्या अंतराने तळावर पोचतात, म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला करून घेतला. बिल्ला दिवसभर गळ्यात. जेवणाच्या तंबूच्या दाराशी जुन्या जाळ्याचा एक तुकडा बांधलेला असे. पोचलेल्या माणसाने आपला बिल्ला आपल्या हाताने त्या जाळ्यात अडकवायचा. भाऊ स्वतः सगळ्यांच्या मागून चालत. ते शेवटी येऊन जाळं बघत आणि एखादा बिल्ला कमी असला की पाणीही न पिता मागे फिरत. प्रत्येक मोहिमेच्या आदल्या दिवशी ते एकच भाषण करत आणि ते एका वाक्याचं असे: “दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायचा नाय.”

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या मोहिमेत आम्ही बावीस जण होतो. माझा खोलीतला जोडीदार विलास माझ्याबरोबर होता. आम्ही एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. हल्ली तिथे अंगठा लावावा लागतो, पण तेव्हा हजेरीची कार्डं होती. एकाची पाळीची बस चुकली की दुसऱ्याने दोन्ही कार्डं मारायची, हा आमचा रोजचा व्यवहार. त्यात काही गैर आहे, असं आम्हाला कधी वाटलं नाही. उलट तीच आमची दोस्ती होती.

सहाव्या दिवशी आम्ही चौदा हजार फुटांवरची खिंड ओलांडली. पहाटे निघून सकाळी दहाच्या आत सगळे वर पोचले. आमचा वाटाड्या प्रेमसिंग याने नारळ फोडला आणि ढग वर येण्याआधी पलीकडे उतरायला लावलं. उतरताना विलासचं पोट बिघडलं. तो तीन दिवस रोज शेवटचा येत होता आणि त्यावरून त्याची थट्टा चालली होती. तळाचे तंबू खाली स्पष्ट दिसू लागले तेव्हा तो एका मोठ्या खडकाशी थांबला आणि गळ्यातला बिल्ला काढून त्याने माझ्या हातात दिला.

“तू हो पुढं. माझा पण लावून टाक. मी आलोच दहा मिनिटांत.”

कारखान्याच्या फाटकावर शंभरदा ऐकलेलं हे वाक्य. मी विचारही केला नाही. तळावर येऊन दोन्ही बिल्ले जाळ्यात अडकवले, चहा घेतला आणि डोकं दुखत होतं म्हणून तंबूत जाऊन पडलो. विलास खडकाआड बसला होता. त्यामुळे मागून येणारे भाऊ त्याच वाटेने पुढे आले तरी तो त्यांना दिसला नाही. त्यांनी जाळं बघितलं. बावीस बिल्ले पुरे होते. मग त्यांनी चहा घेतला.

मला जाग आली ती तंबूवर बर्फाचे कण वाजू लागले तेव्हा. चार वाजले होते आणि बाहेर वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. विलासची जागा रिकामी होती. मी जेवणाच्या तंबूत जाऊन भाऊंना म्हटलं, “विलास कुठं दिसत नाही.” भाऊंनी जाळ्याकडे बघितलं. “बिल्ला तं हाय त्याचा. बघा, असंल हितंच.”

आणि मी गप्प राहिलो. सगळ्यांबरोबर तंबू तंबू हिंडत विलासला हाका मारत राहिलो. तो तळावर आलेलाच नाही, हे त्या सगळ्यांत एकट्या मला माहीत होतं. या शोधाशोधीत पंधरा-वीस मिनिटं गेली. ती मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी मी भाऊंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, “भाऊ, बिल्ला मी लावला.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. “कुठं सोडलास? किती वेळ झाला?” मी सांगेपर्यंत त्यांनी बुटाच्या नाड्या आवळल्या होत्या. प्रेमसिंग, दोर आणि गरम पाण्याची बाटली घेऊन ते बर्फात शिरले. वय वर्षं चौसष्ट आणि त्या दिवशी पहाटेपासून चाललेले.

विलास धुक्यात वाट चुकून ओढ्याच्या पलीकडे गेला होता. ओढा ओलांडताना पाण्यात पडला, एक बूट वाहून गेला, आणि मग तो एका कपारीत बसून राहिला. भाऊ हाका मारत ओढ्याच्या दोन्ही काठांनी फिरले. दीड तासाने तो सापडला तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. प्रेमसिंगने आणि भाऊंनी त्याला आळीपाळीने पाठीवर घेऊन उजेड असेतो तळावर आणलं. जमनाबाईंनी त्याचे पाय पोटाशी धरले आणि हाताला कळ लागली तरी सोडले नाहीत. विलास वाचला. डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली.

परत आल्यावर मंडळाची सभा भरली. विलासचे वडील गावाहून आले होते. माणूस चार तास मागे राहिला आणि कोणाला पत्ता नाही, हे कसं झालं, असं त्यांनी हात जोडून विचारलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायचं ठरवून आलो होतो. पण उठलो नाही. तेवढ्यात भाऊ उभे राहिले.

“बिल्ले मोजले मी. मानसं मोजली नाय. चूक माझी हाय.”

ते विलासच्या वडिलांच्या पाया पडले. पुढची दोन वर्षं त्यांनी मोहिमेचं नेतृत्व स्वतःहून सोडलं. काही घरांनी आपली मुलं पाठवणं बंद केलं. किनाऱ्यावर चालताना लोक मागून काय बोलत, ते भाऊंना ऐकू जात असे. मलाही जात असे.

सभेनंतर थोड्याच दिवसांत न राहवून मी चिंचणीला त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, “भाऊ, मी सगळ्यांना सांगतो.” ते अंगणात जाळं विणत बसले होते. निवृत्त झाले तरी हाताला ती सवय आहे. मान वर न करता म्हणाले, “त्याचा बाप गावाला गेल्यावर तुला विलाससंगं एका खोलीत ऱ्हायचं हाय. एका मशीनवर हुबं ऱ्हायचं हाय. सांगितलंस तं त्याचा बाप तुमा दोगांना तोडंल आनि त्याला आता मानूस लागंल. माझं काय, मी हितं चिंचनीला. बोलू दे लोकांना.”

आणि खरोखरच विलासला माणूस लागला. तीन महिने त्याला नीट चालता येत नव्हतं. दर रविवारी भाऊ येत आणि आम्ही दोघं त्याला धरून किनाऱ्यावर नेत. पहिल्या महिन्यात पाण्याच्या कडेची घट्ट वाळू, मग हळूहळू वरची भुसभुशीत. पुढच्या दिवाळीत विलास काळदुर्ग चढला. वर पोचल्यावर त्याने पितळी बिल्ला भाऊंसमोर धरला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या काठीला अडकवला. आम्ही तिघंही तेव्हा रडलो आणि वाऱ्यावर ढकलून मोकळे झालो.

हा लेख लिहिण्याआधी मी विलासला विचारलं. तो म्हणाला, “लिही. बिल्ला मी दिला होता, ते पण लिही.” भाऊंना मात्र विचारलं नाही, कारण त्यांनी नको म्हटलं असतं. ग्रंथ हातात पडल्यावर ते रागावतील, हे मी धरून चाललो आहे. पंच्याहत्तरीचा माणूस रागावला तर फार वेगाने अंगावर येत नाही, अशी आपली समजूत असेल तर ती सोडून द्या. भाऊ येतात.

आजही भाऊ मोहिमेत बिल्ले वापरतात. पण जाळं बघून झाल्यावर ते तंबूतंबूतून फिरतात, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवतात, नाव घेतात आणि ओ ऐकल्याशिवाय पुढे जात नाहीत. नवीन मंडळींना वाटतं, म्हातारपणी विसरायला होतं म्हणून ते असं करतात. तसं नाही. ज्या चुकीचे धनी ते नव्हते, तिच्यातूनसुद्धा शिकणारे ते एकटे निघाले.

दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायचा नाही, हा भाऊंचा एकच नियम. तो त्यांनी एकदाच मोडला. त्या सभेत विचारणा माझ्या नावाची होती आणि ओ त्यांनी दिला. अकरा वर्षं मी तो त्यांना देऊ दिला, याची लाज मला आहे आणि त्यांचं ऋण तर आहेच. माझ्याकडून फेडता येईल एवढंच मी आज या पानावर फेडतो आहे. भाऊंची मोजणी चुकली नव्हती.

दामूभाऊंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि आवाज असेच शाबूत राहोत, एवढंच चिंचणीच्या देवीपाशी मागणं आहे. येत्या रविवारी ते नेहमीप्रमाणे आसाव्याच्या पायथ्याशी एकेकाचं नाव पुकारतील. बालाजी सूर्यवंशी हे नाव आलं की ओ मी देईन.