बाबांच्या मशीनची रातपाळी

वीज कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईने काल्हेरच्या सोसायटीत नव्या स्मार्ट मीटरचं कौतुक करायला जाणं म्हणजे आपल्या पायांनी शिव्या खायला जाणं. तरी साहेबांनी मलाच धाडलं. मीटर पळतो, मीटर आमच्यावर नजर ठेवतो, हे ऐकून ऐकून माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, दाखवतेच यांना. ग्राहकाचा फायदा काय, ते डोळ्यांनीच बघू देत.

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या घरी माझे बाबा एकटे राहतात. तिथलं कनेक्शन माझ्या मोबाइलवर जोडलेलं होतं, पण मी ते कधी उघडलं नव्हतं. त्याचाच आलेख मी पडद्यावर लावला. कुठल्या तासाला किती वीज लागली, ते त्यात दिसतं. दिवसा एक उंच, सपाट पायरी होती. ती बाबांची ऑक्सिजनची मशीन, हे मी लगेच ओळखलं. रात्री फक्त फ्रीजचे बारीक उंचवटे.

"याला म्हणतात काटकसर," पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. "रात्री फ्रीजशिवाय काहीच चालू नाही."

लोक हसले. मीही हसायला गेले आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं. मशीन रात्रीसाठीच होती. झोपेत बाबांचा श्वास कमी पडतो, झोपताना नळी लावायचीच, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. लाइट गेली असेल, असं मनाला सांगून पाहिलं. पण मग फ्रीज कसा चालला? मागच्या रात्री बघितल्या. सगळ्या तशाच. रोज फोनवर मी विचारायचे, मशीन लावली का, आणि बाबा म्हणायचे, लावली.

सभा अर्धी टाकून मी स्कूटर काढली. गावी पोचले तेव्हा बाबा खाटेवर ताठ बसले होते. नाकाला नळी, नजर मशीनवर. मला राग आवरेना. रात्री ती बंद का करतोस, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"चालती मशीन सोडून कोन झोपतं गं?" ते म्हणाले.

मी खाटेच्या कडेला बसले. बाबांनी भिवंडीत जन्मभर लूम चालवले. चालत्या लूमपाशी डोळा लागला की धागा तुटलेला कळत नाही आणि कापड फुकट जातं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या मनाला पटलंच नव्हतं. म्हणून दिवसभर मशीनपाशी इमानाने ड्युटी, आणि झोपायच्या आधी बटण बंद. ते एकदाही खोटं बोलले नव्हते. मशीन कधी लावली, हे मीच विचारलं नव्हतं.

"बाबा, तू झोप. मी बघते मशीनकडे," म्हणत मी मोबाइल पुढे केला. "मला इथे दिसतं."

त्यांनी आलेख बराच वेळ निरखला. "रातभर दिसतं?"

"रातभर."

"मंग ठीक हाय. रातपाळी तुझी."

तेव्हापासून मशीन रात्री चालते. रात्रीचा आलेख माझ्या मोबाइलवर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. बाबा माझ्या भरवशावर झोपतात, आणि मी सकाळी ती पायरी दिसेपर्यंत चहाला हात लावत नाही.