खर्रा घोटून होईपर्यंत

इतका आळशी कारागीर मी एकच पाहिला, आणि आमचं कुंपण ढिलं झालं की अजून त्याचीच आठवण येते.

शेजारच्या काकूंच्या बकऱ्यांनी बांबूचं कुंपण पाडून माझी वांगी फस्त केली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. कुंपण, म्हणजे आमच्याकडची कुपाटी, बांधायला बपेरा गावाकडचा हा माणूस सायकलवर आला. खांद्यावर दुपट्टा, कमरेला पक्कड, खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी. बांबू उभे करून त्यानं थेट पलीकडे हाक मारली, "काकू, थोडी तार तिकून फिरवून देजा ना!"

काकू आल्या. माझ्याकडे न बघता तार परत देऊ लागल्या. दोन गाठी होताच त्यानं पक्कड माझ्या हातात ठेवली. "धरा बाई, मी जरा खर्रा घोटून घेतो."

तो खर्रा काही घोटून होईना. पन्नी मांडीवर ठेवून रगडायचा, कौतुकानं उघडून बघायचा, पुन्हा रगडायचा. इकडे मी तार घालत होते, काकू ओढत होत्या.

"जोरानं ओढा ना," मी म्हणाले.

"पयले तू सीधी तं घाल!"

तिथून गाडी वांग्यांवर आली, मग बकऱ्यांवर, मग काकूंच्या सुनेवर. शेवटची गाठ पडली तरी आम्ही बोलतच होतो.

मग तो उठला. तोंडात खर्रा टाकून त्यानं एक बांबू हलवून पाहिला आणि खूश झाला.

"काम तर आम्हीच केलं," मी चिडून म्हटलं. "पुढच्या वेळी जोडीदार घेऊन या."

"कायले आनू?" सायकलवर टांग मारत तो म्हणाला. "कुपाटीच्या त्या बाजूले कोनी ना कोनी रायतेच ना, बाई."