सुनीच्या कार्डावरचे चौदा किलो

“चौदा लिहा,” सुपरवायझरबाई म्हणाल्या.

काटा साडेअकरावर होता. काट्याला टांगलेल्या झोळीत माझीच पोरगी होती, सुनी, चार वर्षांची.

“बाई, साडेअकरा आहे.”

“दिसतंय मला. साडेअकरा म्हणजे दुसरी श्रेणी. सेविकेचीच मुलगी कुपोषित, असं वर कळवू? चौदा लिहा.”

मी लिहिलं. मी सातवी पास, शिंदखेड्याजवळच्या गावात अंगणवाडीवर नवीन लागलेली. नव्वद साल उलटून गेलं होतं. दर महिन्याला पोरांचं वजन करायचं, कार्डावर टिंब द्यायचं, टिंबं जोडून रेषा काढायची. रेषा वर गेली तर पोर वाढतंय, खाली आली तर काहीतरी बिघडलंय. सुनीची रेषा मी चार महिने खोटी चढवली.

आणि घरी तिला दिवसातून सहा-सात वेळा जुलाब, त्यात चिकट शेम आणि रक्त. गावातल्या डॉक्टरांनी आवेच्या गोळ्या तीनदा दिल्या. मी सगळ्यांसमोर तिला खायला देते म्हणून सासूबाई म्हणायच्या, “नजर लागनी शे पोरले. बठ्ठास्ना समोर तिले खावाले देस तू.” सुपरवायझरबाई म्हणायच्या, “आधी स्वतःचे हात धुवा, मग गावाला शिकवा.” मी पाणी उकळत होते, नखं काढत होते, हात तर इतके धुतले की कातडी निघाली. तरी दोष माझाच.

मग सुनीचं तोंड आलं. गुडघा सुजला. सकाळी उठून उभीच राहीना, तेव्हा मी सासूबाईंना घेतलं, तिला कडेवर घेतलं आणि धुळ्याची एसटी धरली.

तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुनीकडे बघितलं, मग कार्ड मागितलं.

“ताई, वजन तर चांगलं चढतंय. आवच आहे, पुन्हा एक कोर्स करू. घरी न्या.”

कार्डावर अक्षर माझं होतं. खरं बोलले तर नोकरी जाते, नाही बोलले तर पोरगी परत घरी, त्याच गोळ्यांवर.

“साहेब, ती रेषा खोटी आहे. मीच काढली.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “का?”

“वरून सांगितलं म्हणून. खरी वजनं मला पाठ आहेत. साडेतेरा, तेरा, सव्वाबारा, साडेअकरा.”

“स्वतःच्या मुलीचं खोटं लिहिलं तुम्ही?”

“लिहिलं. आता मला काय बोलायचं ते बोला, पण तिला बघा.”

त्यांनी तिला काट्यावर ठेवलं. अकरा. मग गुडघा दाबला, तोंडात बॅटरी मारली. आवेने असं महिनोन् महिने वजन उतरत नाही, गुडघा सुजत नाही, म्हणाले, आणि नाशिकला आतड्याच्या दुर्बिणीसाठी चिठ्ठी दिली. दुर्बिणीत दिसलं, आतडं आतून जखमांनी भरलेलं.

परत धुळ्याला आलो तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. शरीरात दोन तऱ्हेचे शिपाई असतात. एक शिकून तयार होतात, गोवर एकदा बघितला की पुढे ओळखतात. दुसरे जन्मापासूनचे, न शिकलेले, कोणी शिरलं की ओळख न विचारता धावून जातात. आतड्यात रोजचे जंतू राहतातच, त्यांच्याशी या शिपायांचं जुळलेलं असतं. सुनीचं जुळत नाही. मारामारी थांबतच नाही, आणि मार आतड्यालाच बसतो.

“का थांबत नाही, साहेब?”

“पूर्ण कोणालाच माहीत नाही अजून. पण तुमच्या हाताने झालेलं नाही हे.”

सासूबाई म्हणाल्या, “मंग त्या शिपाईस्ले कोन समजाडी?”

“गोळ्या समजावतील, आजी. पण बंद करायच्या नाहीत मनाने.”

गोळ्यांनी सुनीचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला. रक्त थांबलं. आजार मुळातून गेला नाही, अधूनमधून उठतो, पण वजन चढलं, खरं चढलं.

मग मला राहवेना. सुनीचं मी बोलले, ती माझी होती म्हणून. बाकीच्या पोरांची टिंबं पण तशीच चढवलेली, आणि त्यांच्या आया माझ्यावर विसंबून. सगळ्या घरी जाऊन पुन्हा वजनं केली, जुनी टिंबं लाल शाईने खोडली, खरी दिली. तीन पोरं दुसऱ्या श्रेणीत निघाली. एक तिसऱ्या, म्हणजे त्याहून वाईट.

सुपरवायझरबाईंनी रजिस्टर आपटलं. “ही खाडाखोड कोणाला विचारून?”

“खोटं तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं, बाई. खरं लिहायला कोणाला विचारू?”

महिनाभरात नोटीस आली, खाडाखोडीचा खुलासा करा. चौदा किलोचा खुलासा कोणी मागितला नाही. मी एका ओळीत लिहून दिलं, आताची वजनं बरोबर आहेत, येऊन करून बघा. कोणी आलं नाही. नोकरी राहिली, मानधनातली वाढ एक वर्ष अडली.

नवीन सेविकांना मी एवढंच सांगते. डॉक्टर पोराकडे पाच मिनिटं बघतो आणि कार्डाकडे दहा. कार्ड खोटं असलं तर पोराने कितीही रडावं, त्याचं कोणी ऐकत नाही.