नको म्हटल्यावर

कॅनडात दह्याला तारीख असते. ती उलटली की माझी भाची डबा उघडूनसुद्धा बघत नाही, सरळ कचऱ्यात टाकते. "अगं, आंबलं असेल तर कढी करू," असं मी म्हणते आणि ती मला डब्यावरची तारीख दाखवते. सांगलीत मी आयुष्यभर नाकाने दही तपासलं. भाचीकडे एटोबिकोला आल्यापासून त्या नाकाला काही काम उरलेलं नाही.

मी इथे आले ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी. आक्का लग्नानंतर वर्षभर मिरजेला सासरी राहिली आणि मग नवऱ्याबरोबर इकडे आली, ती इथलीच झाली. तिचे यजमान गेले. नंतर तिला विसरायला व्हायला लागलं आणि शेवटी भाचीने तिला म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये ठेवलं. विसरता विसरता तिचं इंग्रजीही गेलं. भाचीचा फोन आला, "मावशी, तू ये. तिथे आईशी मराठी बोलणारं कोणीच नाहीये." माझ्यामागे तरी कोण होतं? घराला कुलूप लावलं आणि आले.

आल्या आल्या मी इथल्या लोकांना खाताना बघत बसायचे. दुसरा उद्योग काय होता? हे लोक चालताना खातात, गाडीत खातात, ओट्याशी उभ्याउभ्या खातात. घरात चांगलं सहा खुर्च्यांचं टेबल असतं, त्यावर पत्रं आणि किल्ल्या ठेवतात. कॉफीचा पेला इतका मोठा, की आमच्याकडे तेवढ्या दुधात घरभर चहा झाला असता. बोलावणं येतं तेच "दोन ते पाच" असं. म्हणजे तुम्ही जायचं कधी हे तुम्ही यायच्या आधीच ठरलेलं.

भाचीच्या मैत्रिणीकडे आम्ही एकदा गेलो. तिने केक पुढे केला, मी रीतीप्रमाणे नको नको म्हटलं. ती बाई "ओके" म्हणाली आणि केक फ्रिजमध्ये गेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. घरी येऊन मुकाट्याने चिवडा खाल्ला. भाची हसून हसून दमली. "मावशी, इथे एकदाच विचारतात. हवं असेल तर येस म्हणायचं." मी म्हटलं, बाई गं, आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्याला हावरट म्हणतात. पहिला नको हा नको नसतोच. तो नुसता घसा साफ करण्यासारखा. वाढणारीने पुन्हा म्हणायचं, खाणाऱ्याने पुन्हा नको म्हणायचं आणि मग दोघांच्या मनासारखं व्हायचं. यात कुणाला फसवणं नसतं, दोघांनाही ठाऊक असतं.

हे सगळं मी तेव्हा गमतीने सांगत होते. त्याच वेळी माझी बहीण उपाशी राहत होती, ते मला कळलं नव्हतं.

होममध्ये रात्रीचं जेवण पाच वाजता. आपली चहाची वेळ ती त्यांची जेवणाची. ताटात बटाट्याचा गोळा, मऊ केलेली भाजी, सफरचंदाचा लगदा. चव म्हणाल तर आजारी माणसालाही आजारी वाटेल अशी, पण स्वच्छ आणि गरम. आक्का हळूहळू चार-दोन घास खायची. वाढणारी मुलगी यायची आणि प्रेमाने विचारायची, "ऑल डन, डियर?" आक्का हसायची, ताटावर हात आडवा धरायची आणि म्हणायची, "नको, पुरे." मुलगी ताट उचलायची. आक्काच्या हातातली बांगडी मनगटावरून घसरत कोपरापाशी यायला लागली. या आजारात भूक मरते, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. शिकलेसवरलेले लोक, मी विश्वास ठेवला.

एके दिवशी ताट उचललं गेलं आणि मी सहज आक्काकडे बघितलं. तिची नजर ताटाच्या मागोमाग उष्टी ताटं नेणाऱ्या ढकलगाडीपर्यंत गेली होती. हात अजून तसाच आडवा होता आणि बोटं फाकलेली होती. ज्याने पंगतीत वाढलंय त्याला यातलं कळतं. खरंच पुरे झालेलं असलं की माणूस दोन्ही हातांनी ताट झाकतो, त्यावर वाकतो. बोटांत फट ठेवून धरलेला हात म्हणजे वाढा, पण मला हावरट म्हणू नका.

मी उठले आणि त्या गाडीवरून ताट परत आणलं. ती मुलगी बघतच राहिली. आक्का मला त्या दिवसांत वन्सं म्हणायची, मला तिची नणंद समजायची. तिच्या मनात ती मिरजेतली नवी सून होती. सगळ्यांच्या नंतर जेवायला बसलेली, पहिल्या वाढपाला नको म्हणायचं असं आईने बजावून पाठवलेली. मी म्हटलं, "घ्या हो वहिनी, उरलंय एवढं, टाकायचं का?"

"नको हो वन्सं."

"माझ्यासाठी एक घास."

"बरं, अगदी थोडं," असं म्हणून आक्काने तो बटाट्याचा गोळा संपवला, भाजी संपवली आणि लगद्याची वाटी चाटूनपुसून खाल्ली. मला तिथेच रडू आलं. इतके दिवस ही भुकेली उठत होती. कुणी तिला छळलं नव्हतं, सगळे तिच्याशी चांगलेच वागत होते. तिला पुन्हा विचारणारं तेवढं कुणी नव्हतं.

भाचीला घेऊन मी तिथल्या मुख्य नर्सशी बोलले. बाई शांतपणे म्हणाली, "शी सेज नो. आम्हाला तिच्या नो चा मान ठेवावाच लागतो." तिचं काही चूक नव्हतं. म्हाताऱ्यांच्या तोंडात कोंबणाऱ्या जागा मी आपल्याकडे पाहिल्यात, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण राग यायचा तो आलाच. मी मराठीत म्हटलं, "मान ठेवा, पण जेवायला घालून ठेवा." भाचीने याचं इंग्रजी काय केलं कोण जाणे, बराच वेळ ती बोलत होती. शेवटी ठरलं, की दोनदा-तीनदा विचारायचं, जबरदस्ती नाही.

परत येताना भाचीने गाडी मध्येच एका दुकानासमोर थांबवली. म्हणाली, "मावशी, आय डिड धिस." मला कळेना. मग तिने सांगितलं. ती शाळेत असताना तिच्या मैत्रिणी घरी आल्या की आक्का त्यांच्या मागे लागायची, घे गं, अजून एक घे. भाचीला लाज वाटायची. एकदा ती आईवर ओरडली, "मॉम, स्टॉप! शी सेड नो!" त्यानंतर आक्काने घरात कुणालाच दुसऱ्यांदा विचारलं नाही. लेकीलासुद्धा नाही. "मला वाटायचं, तिलाही आग्रह करणं आवडत नसेलच. पण मला जे हवं होतं तेच ती करत होती." भाची स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. लहान होतीस, एवढंच मी म्हटलं.

त्यानंतरचा हिवाळा बरा गेला. बाहेर बर्फ, भाची सकाळी उठून फावड्याने तो शोव्हल करायची, मी मऊ भात आणि मेतकूट डब्यात भरायचे. दुपारी मी भरवायचे आणि संध्याकाळी ती वाढणारी मुलगी. ती "घ्या ना" म्हणायला शिकली. तिच्या तोंडून ते ऐकून आक्का खुदकन हसायची, नको म्हणायची आणि खायची. शनिवारी भाची यायची. आधी तिला जमायचंच नाही, आईने नको म्हटलं की तिचा हात आपोआप मागे जायचा. पण मग जमायला लागलं. "आई, जस्ट वन मोअर, घे ना गं." आक्काच्या गालांवर थोडं मांस चढलं. मला वाटलं, आता हिला मी राखेन. भातावर राखेन.

बर्फ वितळायला लागलं तशी ती गिळायची थांबली. घास तोंडातच राही, ठसका लागे. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, की हे आता भुकेचं राहिलेलं नाही, शरीरच घेत नाही. आग्रहाने भरवलंत तर अन्न फुप्फुसात जाईल, तिला त्रास होईल. तिने तोंड उघडलं तरच द्या. भाचीने मला मराठीत सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, कळलं मला.

कळलं, पण ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा नेलाच. भात अगदी पेजेसारखा केला होता, वर तुपाचा थेंब. चमचा ओठांशी नेला. आक्काने डोळे उघडले. त्या दिवशी तिने मला वन्सं म्हटलं नाही. माझं घरातलं नाव घेतलं, लहानपणीचं, जे आता तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आणि म्हणाली, "नको गं."

हसली नाही. हात उचलला नाही. ताटाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघत होती.

माझ्या जिभेवर शब्द तयार होते. एक घास, माझ्यासाठी. साठ वर्षं मी हेच म्हणत आले, कुणाचाही पहिला नको मी कधी खरा मानला नाही. ते शब्द तसेच जिभेवर धरून मी बसले. मग चमचा वाटीत ठेवला, तिचे ओठ ओल्या रुमालाने पुसले आणि म्हटलं, "बरं आक्का."